पन्हाळा ते विशाळगड : खिंडीमागची वाट

पावनखिंड हे नाव मराठी वाचकाला इतके परिचित आहे की त्या नावापाशी तो थांबतोच. खिंडीच्या अलीकडे काय होते आणि पलीकडे काय होते, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. एम. ए. च्या वर्गात ऐतिहासिक कादंबरी शिकवताना आम्ही एकदा विद्यार्थ्यांना फळ्यावर या प्रसंगाचा नकाशा काढायला सांगितला होता. बहुतेकांनी दोन टोकांना दोन किल्ले काढले, मध्ये एक अरुंद फट काढली आणि खडू खाली ठेवला. त्यांतले निम्मे विद्यार्थी पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतले होते. ज्या डोंगरधारेच्या सावलीत ते वाढले ती धार त्यांच्या नकाशात नव्हती. दोष त्यांचा नव्हे. आपल्या वाङ्मयाने आणि बऱ्याच अंशी इतिहासलेखनानेही त्या रात्रीची खिंड जपली. वाट मात्र गृहीत धरली.

प्रस्तुत लेखात या वाटेचाच विचार करायचा आहे. कारण आमच्या मते १६६० च्या आषाढातली ती घटना वाटेवाचून नीट कळत नाही, आणि खिंडीतल्या पराक्रमाचे मोलही वाट चालल्यावाचून पुरते उमगत नाही.

घटनाक्रम वाचकांना ठाऊक आहे. तो थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. त्याच धडाक्यात खेळणाही आला आणि त्याचे विशाळगड झाले. डिसेंबरअखेर कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान आणि फाजलखान यांचा पराभव झाला. मग आदिलशाहीने सिद्दी जौहरला पाठविले. मार्च १६६० पासून पन्हाळ्याला वेढा पडला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपली तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाले. त्याची किंमत त्यांना पुढच्या वर्षी राजापुरात मोजावी लागली. पावसाळा लागला तरी वेढा ढिला होईना. तेव्हा आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज गडावरून निसटले. परंपरा सांगते की सहाशे माणसे बरोबर होती, महाराजांच्या वेषात शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती सापडला, आणि गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांनिशी पाय रोवून उभे राहिले. महाराज विशाळगडाच्या पायथ्याचा सुर्वे-दळव्यांचा वेढा फोडून गडावर पोहोचले. २२ सप्टेंबरला पन्हाळा तहाने सिद्दी जौहरच्या स्वाधीन झाला.

इथे तारखेविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण दरवर्षी जुलैत तिच्यावरून घोटाळा होतो. १२ आणि १३ जुलै या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन, पंचांगाच्या आहेत. सतराव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत हेच पंचांग वापरलेले असल्याने आपल्या इतिहासकारांनीही ते चालू ठेवले. सतराव्या शतकात ज्युलियन आणि ग्रेगरियन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. आज आपण भिंतीवर जे पंचांग लावतो त्याप्रमाणे ती पौर्णिमा २२ जुलैला येते. म्हणजे १२ जुलैच्या रात्री पन्हाळ्यावरून निघणाऱ्या आजच्या पदयात्रींना डोक्यावर तोच चंद्र मिळेल असे नाही. एखाद्या वर्षी ते अमावास्येच्या काळोखातही चालतील. ज्यांना ती रात्र हवी असेल त्यांनी तारीख सोडून तिथी धरावी. पौर्णिमेचा चंद्र मावळतीला उगवतो आणि उजाडेपर्यंत आकाशात असतो. आषाढात तो ढगाआड असतो हे खरे; पण ढगाआडचा पूर्ण चंद्रही रानात पायाखालचे दिसण्यापुरता उजेड देतो. अमावास्येची रात्र आणि ढगाळ पौर्णिमेची रात्र यांतला फरक शहरात कळत नाही, मसाईच्या पठारावर कळतो.

आता वाटेकडे वळू. पन्हाळा आणि विशाळगड यांच्यातले सरळ अंतर साधारण चाळीस किलोमीटर आहे. पायी ते अर्थातच पुष्कळ वाढते. पन्हाळा सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर नाही. तो त्या रांगेतून पूर्वेकडे आलेल्या एका लांब सोंडेच्या टोकावर आहे. विशाळगड त्याच सोंडेच्या मुळाशी, जिथे देश संपून कोकणाचा कडा सुरू होतो तिथे आहे. या भूगोलात सगळा उलगडा आहे. पन्हाळ्याहून विशाळगडाला जाण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग संभवतात. एक खालून, नदीच्या खोऱ्यातून. दुसरा वरून, डोंगराच्या पाठीवरून. उन्हाळ्यात कोणीही शहाणा माणूस खालून जाईल. आषाढात खालचा मार्ग उरत नाही.

कोल्हापूरच्या पश्चिमेला आषाढात शेतीची स्थिती काय असते ते पाहिले म्हणजे हे पटते. तो भाताच्या रोपलावणीचा काळ. खाचरे तुडुंब भरलेली, चिखल करून ठेवलेली, बांध निसरडे, ओढ्याओढ्याला उतार पाहूनच पाय घालावा लागतो. कासारी दुथडी भरून वाहते. अशा खोऱ्यातून माणूस वाकून रोप लावू शकतो, पण पालखी घेऊन पळू शकत नाही, आणि घोडेस्वाराचे तर हाल कुत्रा खात नाही. वर पठारावर मात्र पायाखाली जांभा आहे. जांभ्याचा सडा पावसात पाणी धरतो, डबकी होतात, शेवाळ धरते. पण तो रुतवीत नाही. सड्यावर माणूस घसरेल, अडकणार नाही. आणखी एक गोष्ट अशी की खडकावर पाऊल उमटत नाही. माग काढणाऱ्याला चिखल बोलतो, जांभा बोलत नाही. त्या रात्री महाराजांनी डोंगराची पाठ धरली यात साहस होतेच; पण त्या साहसाच्या बुडाशी जमिनीचे अचूक ज्ञान होते.

पन्हाळ्याच्या राजदिंडीने उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे अशी वाडीवस्ती मागे टाकली की मसाई पठाराची चढण लागते. हे पठार एकसंध नाही. एक सडा संपतो, थोडी उतरण, थोडी झाडी, पुन्हा दुसरा सडा. मसाईदेवीचे साधे देऊळ आहे. पठाराच्या कुशीत कोरीव लेणी आहेत. लोक त्यांना पांडवदरा म्हणतात. महाराष्ट्रात कर्ता ठाऊक नसलेले प्रत्येक जुने खोदकाम पांडवांच्या नावे जमा होते, त्याला हेही अपवाद नाही. पण ती बौद्ध लेणी आहेत, आणि लेणी असतात तिथे जाण्यायेण्याची वाट असते. म्हणजे १६६० मध्ये ही वाट नवी नव्हती. तिच्यावरून कित्येक शतके माणसे जात-येत होती. आषाढातल्या पठारावर दहा पावलांपुढचे दिसत नाही. धुके उभे राहते, वारा आडवा मारतो, इरले डोक्यावर ठरत नाही. श्रावण-भाद्रपदात तेच पठार सोनकीने पिवळे होते, पाणथळ जागी सीतेची आसवे निळी-जांभळी दाटतात आणि कोल्हापूरहून माणसे छायाचित्रे काढायला येतात. आज पठाराला संवर्धन राखीव म्हणून संरक्षण आहे, ते या फुलांसाठी आणि सड्याच्या नाजूक जीवसृष्टीसाठी. इतिहासासाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, पाटेवाडी अशा वाड्या आणि मधूनमधून धनगरवाडे. या टापूत वाटेचा स्वभाव बदलतो. सड्याची मोकळीक संपते. रान दाटते, ओढे आडवे येतात, जळवा लागतात. म्हसवडे, पांढरपाणी मागे पडले की खिंड जवळ येते. बहुतेक पदयात्री आज हे अंतर दोन दिवसांत, मध्ये एखाद्या वाडीत मुक्काम करून कापतात. पायांत रबरी तळव्याचे बूट असतात, पाठीवर कोरडे कपडे असतात आणि मागे कोणी लागलेले नसते. परंपरेप्रमाणे महाराज पौर्णिमेच्या रात्री निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विशाळगडावर पोहोचले. ही वाट एकदा पावसात चालून गेलेला माणूस या वाक्यापाशी जरा थबकतो.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. बाजीप्रभू हिरडस मावळचे, म्हणजे भोरच्या बाजूचे. बांदलांचे लोकही तिकडचेच. पन्हाळा आणि विशाळगड हाती येऊन जेमतेम सात-साडेसात महिने झाले होते, आणि त्यांतले चार महिने वेढ्यात गेले होते. हा मुलूख मावळ्यांच्या पायाखालचा नव्हता. मग धुक्यात, रात्री, भर पावसात, कोणत्या सड्यावरून डावीकडे उतरायचे आणि कोणता ओढा कुठे ओलांडायचा हे त्यांना कोणी सांगितले? हेरांनी आगाऊ वाट पाहून ठेवली असे परंपरा म्हणते, आणि ते सयुक्तिकही आहे. पण हेरही वाट निर्माण करत नाही. जे रोज त्या वाटेने जातात त्यांच्याकडून ती घेतो. या डोंगरपाठीवर रोज जाणारे लोक म्हणजे गुरे-म्हसरे राखणारे धनगर आणि वाडीवरचे कुणबी. त्यांचा या घटनेत वाटा असला पाहिजे हे आमचे अनुमान आहे. अनुमान म्हणूनच ते मांडतो. शिवा काशीदच्या रूपाने पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका सामान्य माणसाला परंपरेने जागा दिली, हे तिचे मोठेपण. वाटाड्यांना मात्र ती जागा मिळाली नाही. वाट दाखवणारा मरत नाही, म्हणून त्याचा पोवाडा होत नाही.

या रानाने एवढी एकच फौज पाहिलेली नाही. महाराजांच्या आधी दोनशे सात वर्षे, १४५३ मध्ये, बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार खेळण्यावर चालून आला होता. फिरिश्त्याने ही हकीकत दिली आहे. शिर्क्यांचा राजा हाती लागल्यावर खानाने त्याला धर्मांतर की मरण असा पेच घातला. शिर्क्यांनी नम्रपणे सांगितले की आधी माझा शत्रू, खेळण्याचा शंकरराय, जिंकून द्या. वाट मी दाखवतो. दोन दिवस वाट चांगली होती. तिसऱ्या दिवशी रान असे दाटले की सैन्याला डेरे ठोकायला सपाट जागा मिळेना. सेनापती आजारी पडला होता. रात्री शिर्क्यांनी शंकररायाला इशारा दिला आणि बहमनी सैन्य त्या झाडीत कापले गेले. वाट दाखवणारा इथे प्रत्यक्ष कथेचा नायक आहे. आणि ही कथा लिहिली ती पराभूतांच्या बाजूच्या इतिहासकाराने. आपल्याकडे तिचा पोवाडा नाही, कादंबरी नाही. पुढे १४७० च्या सुमारास खेळणा घेण्यासाठी महमूद गवानाला स्वतः यावे लागले, आणि तेही एका झटक्यात जमले नाही.

दुसरी फौज औरंगजेबाची. १७०१ च्या मे महिन्यात त्याने पन्हाळा घेतला आणि वर्षअखेरीस विशाळगडाला वेढा घातला. गडावर परशुराम त्रिंबक प्रतिनिधी होते. रान तोडून, घाटाचे कडे फोडून मोगलांना रस्ता करावा लागला. सहा महिन्यांनी, जून १७०२ च्या आरंभी, गड मिळाला तो रोख रक्कम मोजून. शरणागतीचा तह झाला आणि बादशहाने गडाला सख्खरलना असे नवे नाव ठेवले, जे कोणाच्याही तोंडी बसले नाही. मग त्र्याऐंशी वर्षांचा बादशहा पन्हाळ्याकडे परत निघाला. जदुनाथ सरकारांनी या माघारीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना वेढा जिंकणारा कोण आणि हरणारा कोण हे विसरायला होते. पावसाने ओढे फुगले, उंट चिखलात बसले ते उठले नाहीत, हत्तींवरचे सामान वाहून गेले, धान्य दुर्मिळ झाले. सुमारे तीस मैलांची ती वाट कापायला बादशाही छावणीला अडतीस दिवस लागले.

महाराजांचा प्रवास आषाढातला. औरंगजेबाच्या माघारीचाही महिना जवळपास तोच, जून-जुलै. टोकेही तीच दोन, दिशा मात्र उलट. एका बाजूला एक रात्र आणि एक दिवस, दुसऱ्या बाजूला अडतीस दिवस. दोन्ही फौजा एकाच पायवाटेने गेल्या असे म्हणायचे नाही. तोफा, हत्ती आणि बाजारबुणगे असलेली छावणी मसाईच्या धारेवरून जाऊच शकत नव्हती, तिला मलकापूरकडचे रुंद खोरेच धरावे लागले. पण मुद्दा नेमका हाच आहे. जो हलका होता आणि ज्याला डोंगराची पाठ ठाऊक होती त्याच्यासाठी पाऊस हे पांघरूण होते. जो जड होता आणि ज्याला फक्त रस्ता ठाऊक होता त्याला त्याच पावसाने अडतीस दिवस झोडपले. १६६० ची घटना शिकवताना १७०२ ची ही माघार शेजारी ठेवली तर विद्यार्थ्यांना पराक्रमाचे भौतिक अंग कळते, असा आमचा अनुभव आहे. पाठ्यपुस्तके हे दोन प्रसंग दोन वेगळ्या प्रकरणांत ठेवतात, त्यामुळे ते एकमेकांशी कधी बोलत नाहीत.

आता वाङ्मयाकडे येऊ. पोवाड्याचे बळ संवादात आणि आवेशात असते. बाजी काय म्हणाले, महाराज काय म्हणाले, तोफांचे आवाज कधी झाले, हे त्याला हवे असते. वाटेतला ओढा त्याला नको असतो. कादंबरीला ओढा चालतो, पण तिथेही तो बहुधा पार्श्वभूमी म्हणून वाहतो. सर्वांत बोलके उदाहरण मराठीबाहेरचे आहे. बडोद्यात तेरा वर्षे काढलेल्या अरविंद घोषांनी बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली. ती १९१० मध्ये त्यांच्या ‘कर्मयोगिन’ या पत्रात छापली गेली. कविता ओजस्वी आहे यात वाद नाही. पण तिच्या प्रास्ताविक टिपणात घटनास्थळ म्हणून रांगण्याचे नाव येते. रांगणा तर भुदरगड तालुक्यात, या वाटेपासून कितीतरी दक्षिणेला. आणि कविता उघडते ती दख्खनच्या रणरणत्या दुपारी. आषाढ गेला, चिखल गेला, धुके गेले. उरला तो तापलेला खडक आणि त्यावर उभा असलेला वीर. ऐतिहासिक अचूकतेचा आपला दावा नाही असे कवीने प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे, त्यामुळे त्यांच्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. प्रश्न असा की वीरकाव्याला ऊन का लागते? बहुधा ज्या आदर्शावर ते बेतले जाते तो आदर्श भूमध्य समुद्राकाठचा, कोरड्या प्रकाशातला आहे म्हणून.

तो आदर्श थर्मोपिलीचा. पावनखिंडीला महाराष्ट्राची थर्मोपिली म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे इतका रुळला आहे की वक्त्याला ती उपमा सुचण्याआधीच तोंडातून बाहेर पडते. उपमा सोयीची आहे, पण तिचा एक पाय लंगडा आहे. इसवी सनपूर्व ४८० मध्ये थर्मोपिली पडली ती डोंगरावरच्या एका पायवाटेमुळे. एफियाल्टीस नावाच्या स्थानिक माणसाने ती वाट इराण्यांना दाखवली आणि ग्रीकांच्या पाठीवर शत्रू आला. तिथे वाटेने घात केला. इथे वाटेने तारले. तिथे अडवणारे सगळे संपले आणि ज्यासाठी ते लढले ते अथेन्सही पुढे जळाले; इथे ज्याच्यासाठी खिंड लढवली तो पोहोचला. दोन्ही ठिकाणी थोडके लोक अरुंद जागी पुष्कळांसमोर उभे राहिले, एवढेच साम्य. बाकी गाळाने समुद्र मागे हटला असल्याने आज थर्मोपिलीला अरुंद वाटच उरलेली नाही, मोकळे मैदान आहे. आपली घळ निदान घळ तरी आहे.

आपल्या दुर्गवाङ्मयानेही वाटेला दुय्यम मानले, हे थोडे आश्चर्याचे आहे. गो. नी. दांडेकरांसारखा पायांनी इतिहास वाचणारा लेखक या परंपरेत आहे, आणि गडाची चढण त्यांनी जिवंत केली हे कोण नाकारील? पण त्या लेखनाचाही केंद्रबिंदू गड असतो. वाट गडापर्यंत नेते आणि तिथे तिचे काम संपते. दोन गडांमधली वाट, जिथे दोन्ही टोके सारखीच महत्त्वाची आहेत, हा विषय आपल्याकडे ललित गद्यात क्वचितच आला.

वाट विसरली जाण्याला एक शासकीय कारणही आहे. १८४४ मध्ये कोल्हापूर राज्यात गडकऱ्यांचे बंड झाले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड असे किल्ले त्यात होते. बंड मोडल्यावर इंग्रजांनी तटबंद्या पाडल्या. विशाळगडच्या प्रतिनिधींनी आपले ठाणे गडावरून हलवून मलकापूरला नेले. गडावर कारभार उरला नाही म्हणजे गडाकडे जाणाऱ्या जासुदाला, कारकुनाला, धान्याच्या बैलांना कारण उरले नाही. पुढे कोल्हापूर-मलकापूर-आंबा घाट-रत्नागिरी हा रस्ता वाढत गेला आणि सगळी रहदारी त्याने ओढून घेतली. मसाईची धार गुराख्यांची झाली. एका अर्थी हे बरेच झाले असे आम्ही मानतो. जी वाट राज्याच्या उपयोगी पडत राहते तिचा रस्ता होतो, रस्त्याचा महामार्ग होतो आणि मूळ वाट त्याखाली गाडली जाते. ही वाट टाकून दिली गेली म्हणून शंभरएक वर्षे टिकली.

आता ती पुन्हा उपयोगात आली आहे. दरवर्षी जुलैत हजारो तरुण पन्हाळ्यावरून निघतात. कोल्हापूरच्या आणि बाहेरच्या गिर्यारोहण संस्था, महाविद्यालये, तालमी मोहिमा काढतात. २०२२ मध्ये ‘पावनखिंड’ हा चित्रपट आला आणि नाव घरोघरी पुन्हा पोहोचले. तरुण मुले पावसात दोन दिवस चालतात ही आनंदाची गोष्ट आहे. तिला नाके मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही. वाडीवरच्या घरांना त्या दिवसांत चहा-भाकरीचे चार पैसे मिळतात हेही चांगले. पण वाटेचे जे होते तेही डोळ्यांआड करू नये. एका रेषेत हजारो पाय पडले की सड्यावरची पातळ माती धुऊन जाते. ओढ्यात पाण्याच्या बाटल्या अडकतात. निम्म्याअधिक वाड्यांना डांबरी किंवा खडीचा रस्ता झाला आहे, आणि तो व्हायलाच हवा होता. आजारी माणसाला डोलीतून पन्हाळ्यापर्यंत न्यावे लागणे हा काही वारसा नव्हे. मात्र रस्ता करताना जुनी वाट बाजूला ठेवता आली असती अशा ठिकाणीही ती रस्त्याखाली गेली. कारण ती कोणत्याही कागदावर वाट म्हणून नव्हती.

कागदाचा हा मुद्दा गेल्या वर्षी-दोन वर्षांत अधिकच बोचरा झाला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. बारा किल्ले आहेत. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यात आहे. विशाळगड नाही. नाव ‘भूप्रदेश’ असे आहे, यादी मात्र सुट्या किल्ल्यांची आहे. ज्या जमिनीच्या जाणकारीवर मराठ्यांचे युद्धतंत्र उभे होते तिचे सर्वांत लख्ख उदाहरण पन्हाळ्याच्या पश्चिम दरवाजाबाहेर सुरू होते, आणि यादीची हद्द त्याच्या अलीकडे संपते. अशा याद्यांना त्यांचे नियम असतात, सलग हद्द दाखवावी लागते, संरक्षित स्मारक असावे लागते. हे आम्हाला समजते. तरीही फळ्यावर दोन टोके काढून मधली जागा कोरी सोडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचीच आठवण झाली.

आणि ती जागा कोरी नाही. तिथे माणसे राहतात. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या दिवशी गजापुरात मुसलमान वस्तीतल्या घरांवर जमाव चालून गेला, मोडतोड आणि जाळपोळ झाली. आंदोलनाच्या मागण्यांचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे. पण बाजीप्रभूंच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, ज्या गावाच्या नावाने ती खिंड जुन्या कागदांत ओळखली जाते त्या गावातल्या बायामुलांना रानात पळावे लागले, याची नोंद या वाटेच्या इतिहासात करावीच लागेल. वाटेवरच्या गावांना आपण केवळ इतिहासाचे नेपथ्य समजू लागलो की असे घडायला वेळ लागत नाही.

खिंडीविषयी शेवटी दोन शब्द. प्रथमच जाणाऱ्याची तिथे थोडी निराशा होते. दोन उंच डोंगरांमधली फट त्याने कल्पिलेली असते. प्रत्यक्षात झाडीत खोल उतरलेली एक खडकाळ घळ आहे, तिच्यातून पाणी वाहते. आता वर स्मारक आहे, खाली उतरायला पायऱ्या आणि लोखंडी कठडे आहेत. लढाई नेमकी याच घळीत झाली की गजापूरच्या आसपास दुसरीकडे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते मिटवण्याची आम्हाला घाई वाटत नाही. मात्र घळीत उभे राहून वर पाहिले की एक गोष्ट कळते : इथे अडवणाऱ्याला जागा अरुंद असणे जेवढे हवे, तेवढेच शत्रूला दुसरीकडून फिरून जाता न येणे हवे. डावीउजवीकडे आषाढातले रान आणि फुगलेले ओढे नसते तर सिद्दी मसूदचे लोक खिंडीला वळसा घालून गेले असते. बाजी आणि त्यांचे मावळे समोरून लढले. बगला पावसाने सांभाळल्या.

घळीतले ते पाणी कासारीचे. कासारी इथून उगम पावून त्याच डोंगरधारेच्या पायथ्याने पूर्वेला येते आणि प्रयाग चिखलीला पंचगंगेत मिळते. या वर्षी आमच्या काही विद्यार्थ्यांनी मसाईपासून गजापूरपर्यंतच्या वाड्यांत जाऊन ओढ्यांची, उतारांची, टेपाडांची, गुरे बसण्याच्या जागांची नावे लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. सरकारी नकाशात यांतली फार थोडी नावे सापडतात. सांगणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांची मुले कोल्हापूरला किंवा पुण्याला कामाला आहेत. काम दिवाळीपर्यंत करपेवाडीच्या पलीकडे गेले तर पुष्कळ झाले.